जो विचारील त्यालाच

भास्कर, परवा तुझी शोकसभा झाली. शाळेच्या पटांगणात मांडव घातला होता. कुठून तरी तुझा लग्नातला फोटो शोधून आणला होता, त्यात तू ओळखूसुद्धा येत नव्हतास. सरपंच बोलले, हेडमास्तर बोलले, पुण्याहून कॉलेजचे प्राध्यापक आले होते तेही बोलले. सगळ्यांनी तुला ज्ञानाचा सागर करून टाकलं. प्राध्यापक तर म्हणाले की शिकणाऱ्यासाठी डॉक्टरांचं दार सदैव उघडं असायचं. मी पुढच्याच सतरंजीवर बसलो होतो. मला बोलायला सांगितलं तेव्हा घसा बसलाय म्हणालो. घशाला काही झालं नव्हतं. उठलो असतो तर तुझ्याशी भांडलो असतो, आणि गेलेल्या माणसाशी चारचौघांत भांडणं बरं दिसत नाही. म्हणून आता घरी बसून भांडतोय.

दार उघडं होतं, कबूल. पण दारापर्यंत येण्याची सगळ्यांचीच छाती होते का रे? हे एक वाक्य तुझ्या डोक्यात शिरावं म्हणून मी किती डोकं फोडलं! तू ऐकून घ्यायचास, चष्मा पुसायचास आणि म्हणायचास, "जो विचारील त्याला मी सगळं देतो. न विचारणाऱ्याच्या मागे मी धावणार नाही." झालं. ब्रह्मवाक्य. पुढे बोलायची सोय नाही.

आपला दवाखाना तो केवढा. तू औषधांचा डॉक्टर, मी कापाकापीचा, आणि पुण्याहून नवी नवी डॉक्टर झालेली पोरं काही महिन्यांसाठी खेड्यातला अनुभव घ्यायला यायची. त्यांना शिकवणं हे आपलं काम. मी त्यांना ऑपरेशनच्या टेबलाशी उभं करून आरडाओरडा करत शिकवायचो. तुझी तऱ्हा निराळी. सकाळच्या बाह्यरुग्ण विभागात पोराला टेबलाशी बसवायचं आणि आपण भिंतीकडच्या बाकावर, पेशंटांच्या रांगेत, पाठ अर्धी वळवून पेपर उघडायचा. पोरगा पेशंट तपासणार, तो औषध लिहिणार, तू वर बघणार नाहीस. त्याने उठून येऊन विचारलं तर मात्र पेपर खाली. मग एका फुप्फुसाच्या आवाजावर तू त्याला जेवणाची वेळ टळेपर्यंत धरून बसायचास. त्याचा हात हातात घेऊन पेशंटच्या पाठीवर बोटं कशी वाजवायची ते दाखवायचास. आणि कोणी काही भलतंच लिहायला लागला की तू नुसता खोकायचास. त्या खोकल्याला पोरं सापासारखी भ्यायची. गावातल्या एका आजीने तर तुला क्षय झालाय असं धरून अडुळशाचा काढा आणून दिला होता, आणि तू लेका तो तिच्यादेखत प्यायलास.

हे सगळं मला आवडायचं, हे आता सांगून टाकतो. जिवंत होतास तेव्हा तोंडावर सांगितलं असतं तर चढला असतास.

पण ती पाहणी आडवी आली. पुण्याच्या प्राध्यापकांनीच ती माझ्या गळ्यात घातली होती. नव्या डॉक्टरला अडलं की तो कोणत्या वरिष्ठाकडे जातो, का जातो, त्याचा पुढे उपयोग होतो का, हे कोणी कधी नीट बघितलेलंच नाही, तुम्ही बघा, म्हणाले. मी म्हटलं मी सर्जन माणूस, मला असलं काय कळतंय. तूच चिडवलंस, की कर, पोटं फाडून झाली, आता डोकी उघडून बघ. म्हणून मी सुट्टीच्या दिवशी एस्टी पकडून कोपरगाव, राहुरी, शेवगाव असा फिरलो. आपल्याकडून शिकून गेलेली पोरं तिकडे दवाखाने थाटून बसली होती. त्यांना विचारायचं एवढंच, की अडलं तेव्हा कोणाकडे गेलात, आणि गेला नसाल तर का नाही.

जे तुझ्याकडे आले होते ते तुझं नाव निघालं की खुर्चीत सरळ होऊन बसायचे. अजून ते पेशंटशी तुझ्यासारखे बोलतात, एकजण तर खोकतोही तुझ्यासारखा. आणि जे कधी आले नाहीत ते चहा मागवायचे, "सर फार मोठे" म्हणायचे आणि विषय बदलायचे. मला हळूहळू एक दिसायला लागलं. येणारे होते त्यांच्या घरी कोणी वकील, कोणी मास्तर, कोणी कारकून होता. न येणारे बहुतेक घरातले पहिलेच शिकलेले. शेवगावच्या डॉक्टरीणबाई आठवतात तुला? जाडजूड वेणी, मान खाली. त्या मला म्हणाल्या, "आमच्या घरी वडलांना प्रश्न विचारला तर त्याला उलट बोलणं म्हणायचे. सर पाठ वळवून बसायचे, मला वाटायचं माझं काहीतरी चुकलंय म्हणून रागावलेत." आणि बाई हसल्या. इतकी वर्षं झाली, बाईंना वाटतंय तू रागावला होतास.

मी आलो तो तडक तुझ्या घरी. सुमनवहिनी पोहे करत होत्या. मी हे सांगितल्यावर तुला वाईट वाटेल असं मला वाटलं होतं. तू म्हणालास, "ती? हुशार होती. विचारलं असतं तर सगळं दिलं असतं." अरे, पण तेच तर सांगतोय ना! तुझ्या भिंगारच्या घरात, तुझे वडील छावणीच्या कचेरीतून आले की जेवताना पोरांनी प्रश्न विचारायचे आणि ज्याचा प्रश्न चांगला त्याला साखर जास्त. तूच सांगितलेलं. माझ्या घरी संगमनेरला, नांगर धरलेल्या बापाला "का" विचारलं की रट्टा बसायचा. मी तुला हॉस्टेलवर भेटलो तेव्हा प्रश्न विचारायला तुझ्याकडून शिकलो, नाहीतर मीही शेवगावच्या बाईंच्याच रांगेत असतो.

तुझ्याकडेही मुद्दा होता, नव्हता असं नाही. न मागता दिलेलं औषध पेशंट उकिरड्यावर टाकतो, म्हणालास. आणि मी आपणहून सांगत सुटलो तर पोरं माझ्या डोळ्यांनी बघायला लागतील, त्यांचे स्वतःचे कधी उघडायचे? वहिनींनी पोहे पुढे केले आणि म्हणाल्या, तुमचं दोघांचं लग्न व्हायला हवं होतं, मी सुटले असते.

घरी जाताना उत्तर सुचलं, तर उलट फिरून आलो. माझ्या टेबलावर ती बाळंतीण गेली होती तेव्हाची तुला आठवण करून दिली. बैलगाडीतून आणली होती, अंगात रक्त उरलं नव्हतं, मला जमलं नाही. मी मागच्या पायऱ्यांवर बसून राहिलो होतो. तू दोन कप चहा घेऊन आलास. शेजारी बसलास. मग तूच जाऊन तिच्या सासऱ्याला सांगितलंस, मला ते बोलावं लागू दिलं नाहीस. दुसऱ्या दिवशी हर्नियाचं ऑपरेशन होतं, माझा हात उचलत नव्हता, तर तू, रक्त बघितलं की तोंड फिरवणारा माणूस, मास्क लावून माझ्याशेजारी उभा राहिलास. त्या दिवसानंतर मी डॉक्टर राहिलो तो तुझ्यामुळे. मी म्हणालो, "तुला कोणी बोलावलं होतं रे तेव्हा? मी विचारलं होतं काही?" तू चष्मा पुसत म्हणालास, ते शिकवणं नव्हतं, ती मैत्री. म्हटलं, मग पोरांशी कर की थोडी. तू हसलास. तेवढ्यावर भांडण थांबलं, मिटलं नाही.

मग किसन औटी आला.

पारनेरकडच्या कोरडवाहू शेतकऱ्याचा मुलगा, घराण्यातला पहिला डॉक्टर. पुण्याच्या हॉस्टेलात त्याच्या "न्हाई" आणि "हुतं" वर पोरं इतकी हसली होती की त्याने शिकलेल्या माणसांपुढे तोंडच बंद करून टाकलं होतं. तुझ्यापुढे "हो सर" आणि "नाही सर", तिसरा शब्द नाही. पण दुष्काळाने खंगलेली माणसं आली की हाच पोरगा त्यांच्याशेजारी उकिडवा बसायचा, आणि त्यांच्या बोलीत असा बोलायचा की बाया कधी कोणाला न सांगितलेलं त्याला सांगायच्या. मी तुला म्हटलं, भास्कर, याची नजर चांगली आहे, याला एकदा स्वतः हाक मार, शेजारी बसव. तू म्हणालास, येईल तो. त्याने मला एकदा तुटक शब्दांत सांगितलं होतं की डॉक्टरकी आपल्याला झेपणार नाही, गावी जाऊन शाळेत शिकवावं म्हणतो. तेही मी तुझ्या कानावर घातलं. पोरगा हातचा जाईल, म्हटलं. तू पेपरमधून मान वर न काढता म्हणालास, "ज्या दिवशी तो विचारील, त्या दिवशी तो डॉक्टर होईल. वाट बघू." हे आपलं शेवटचं बोलणं. काय नशीब आहे बघ, शेवटचं बोलणं आणि तेही पेपरच्या आडून.

दुसऱ्या दिवशी मी मीटिंगसाठी नगरला गेलो. तू किसनला घेऊन जीपने खडी फोडायच्या कामावर गेलास. तिथे दुष्काळी कामावरच्या माणसांना हगवण लागली होती, दगडाच्या कपच्या उडून डोळे दुखावले होते. दिवसभर उन्हात पेशंट तपासलेस, दुपारी त्यांच्याबरोबर रेशनवरच्या परदेशी ज्वारीची, लाल मिलोची भाकरी खाल्लीस, संध्याकाळी परत आलास. वहिनींना पित्त झालंय म्हणालास, सोडा घेतलास, आडवा झालास. पहाटे गेलास.

लोकांनी म्हटलं, अचानक झालं. मलाही ते खरं वाटलं. पण तिसऱ्या दिवशी जीपवाले रहीमभाई माझ्याकडे आले. त्यांना दोन दिवस झोप नव्हती. म्हणाले, येताना साहेब घामाने भिजले होते, बाभळीखाली गाडी थांबवायला लावली, डावा हात दाबून धरला होता. "औटी डॉक्टरांनी इचारलं व्हतं की सायेबांना. सायेब म्हनले, पित्त हाय."

मी ताडकन उठलो. औटीने विचारलं?

किसनच्या खोलीवर गेलो तर ट्रंक दोरीने बांधून तयार होती. तो खाटेवर बसला होता, दुपारच्या एस्टीने गावी निघाला होता. मी विचारलं काय झालं, तर तो वाकून ट्रंकेची गाठ आवळायला लागला. मग मला तुझा तो नियम आठवला, आणि तिथल्या तिथे मी तो मोडला. समोर ट्रंकेवर बसलो आणि म्हटलं, तू न विचारता मी सांगतो, ऐक. रहीमभाईंनी मला सगळं सांगितलंय.

"सगळं न्हाई," किसन म्हणाला.

शिकलेल्या माणसापुढे तो पहिल्यांदाच त्याच्या भाषेत बोलत होता, आणि मग थांबेचना. त्याला जीपमध्येच कळलं होतं, भास्कर. घाम, चेहऱ्याचा रंग, तो हात. त्याने विचारलं, छातीत दुखतंय का. तू म्हणालास पित्त. त्याने धीर करून पुन्हा विचारलं, हातात कळ येते का. "सर म्हनले, औटी, गप्प बसा जरा. मंग म्या गप्प बसलो. सर म्हनत्यात पित्त, तर म्या कोन? मला वाटलं मलाच कळंना, आपलंच चुकतंय. असल्या मानसानं डॉक्टर कशाला व्हायचं?"

गप्प बसा! अरे भास्कर, त्याच्या तोंडून एक प्रश्न निघावा म्हणून तू बाकावर बसून वाट बघत होतास ना? जो विचारील त्याला सगळं देणार होतास ना? हा विचारत होता. एकदा नाही, पुन्हा विचारत होता. आणि काय प्रश्न होता तो! तू उभ्या जन्मात शिकवलेल्या कुठल्या पोराने इतका नेमका प्रश्न इतक्या वेळेवर विचारला होता? त्याचे डोळे उघडले होते, स्वतःचे, तुला हवे तसे. आणि तू त्याला खोटं सांगितलंस. तुला माहीत होतं, हा हृदयाचा झटका आहे. हजार लोकांना तू ते ओळखायला शिकवलंस. मी त्या जीपमध्ये असतो तर तुझी मानगूट धरून नगरला नेलं असतं, शिव्या घालत नेलं असतं. मला इतका राग आला की मी त्या पोरासमोर रडलो, आणि रडताना तुला नावं ठेवत होतो. तो घाबरून पाणी घेऊन आला.

मग मी त्याला सांगितलं. तुझं निदान बरोबर होतं, किसन. सर तुझ्याशी खोटं बोलले.

माझ्या तोंडून देवाला शिवी गेल्यासारखं त्याने माझ्याकडे बघितलं. सर खोटं कशाला बोलतील, म्हणाला. काय सांगायचं होतं मी? मी तुझी बाजू घ्यावी की त्याची? मग मला जे खरं वाटत होतं तेच बोललो. म्हटलं, त्या जीपमध्ये सर सर नव्हते, पेशंट होते. घाबरलेला पेशंट खोटं बोलतो. तुला मोठा वाटणारा माणूसही बोलतो. पेशंटचं तोंड काय म्हणतं यापेक्षा त्याचा घाम काय म्हणतो ते ऐकायचं. तू ऐकलं होतंस.

बाहेर एस्टी आली, हॉर्न वाजला, गेली. आम्ही दोघेही उठलो नाही.

मग त्याने विचारलं, "मंग म्या काय कराया पायजे हुतं?"

हा प्रश्न तुझा होता, भास्कर. तुझ्या वाट्याचा. मी त्याला सांगितलं, गाडी थांबवायची, सरांना आडवं करायचं, छातीला तपासायची नळी लावायची. ते ओरडले असते, ओरडू द्यायचं. आपल्या दवाखान्यात न थांबता गाडी थेट नगरकडे घ्यायची. त्याने विचारलं, नगरपर्यंत टिकले असते का? मी म्हटलं, माहीत नाही. खरंच माहीत नाही. त्याने विचारलं, आधी कोणतं इंजेक्शन, किती? हेही विचारलं, तेही विचारलं. संध्याकाळ होईपर्यंत विचारत राहिला. ट्रंक तशीच दोरी बांधलेली राहिली, पण तो गेला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी टेबलाशी हजर.

पाहणीचं म्हणशील तर ती मी पूर्ण करून पुण्याला पाठवणार आहे. तुझं नाव कुठे घालणार नाही, पण वाचणाऱ्याला कळेल. शिकवणाऱ्याने आधी स्वतः चालत जावं, असं मी लिहिणार. तू असतास तर हे वाक्य खोडलं असतंस, आपण पोहे थंड होईपर्यंत भांडलो असतो, आणि शेवटी तुझं अर्धं वाक्य त्यात आलं असतं. आता माझंच पुरं राहणार, आणि त्यात मला काही आनंद नाही. वहिनींना मी जीपमधलं काही सांगितलेलं नाही. त्या एवढंच म्हणाल्या, मलाही पित्तच सांगितलं होतं हो. त्यांच्यासमोर तुझ्यावर रागावताही येत नाही.

किसन आता थांबत नाही. पेशंट गेला की विचारतो, जेवताना विचारतो, मी ऑपरेशनचे हातमोजे काढत असतो तेव्हाही विचारतो. मी त्याला बाकावर बसून राहू देत नाही आणि स्वतःही बसत नाही. अडचण एवढीच आहे की मी सर्जन. मला आतडी कळतात. तो विचारतो हृदयाचं. काल एका म्हाताऱ्याला तपासून माझ्याकडे आला. नाडी अशी का चालते, हा आवाज कोणत्या झडपेचा, असं काहीतरी विचारत होता. मी स्वतः नळी लावून ऐकलं, मला उमजेना. म्हटलं, थांब किसन, सरांना विचारून सांगतो, आणि तुझ्या खोलीकडे निघालोसुद्धा.